अनुभव धागा: वाळवंट, उंट आणि घरची सगळी माणसं

दांडिया बाजार

दिवाळी झाली की बडोद्यात आमच्या पोळमधली, म्हणजे गल्लीतली, अर्धी घरं कुलूपबंद. कोणी जैसलमेरला, कोणी कच्छला. परत आल्यावर फोटो सगळेच दाखवतात, पण आजीला उंटावर चढवलं कसं, तंबूत पोरं झोपली का, ते कोणी सांगत नाही. मला तेच हवंय. सुरुवात मी करते, नावाऐवजी आपापला मोहल्ला लिहा.

आम्ही अकरा जण. सगळ्यात धाकटा पुतण्या 4 वर्षांचा, सगळ्यात मोठ्या सासूबाई, 74. जैसलमेरहून सम गावच्या वाळूच्या टेकड्या साधारण 40 किलोमीटर, साडेचारला पोचलो. बसलेला उंट बघून वाटतं, यात काय विशेष? पण उठताना तो आधी मागचे पाय सरळ करतो आणि आपण थेट त्याच्या मानेवर जातो. जाऊबाईंनी पलाणाची, म्हणजे उंटाच्या खोगिराची, कडी सोडून पुतण्याला कवटाळलं आणि दोघंही पुढे घसरली. उंटवाल्याने वेळीच हात दिला, नाहीतर काय झालं असतं या विचाराने अजून पोटात गोळा येतो. म्हणून सांगते: मूल पुढे, मोठं माणूस मागे, एक हात कडीवर. उठताना मागे रेला. खाली बसतानाही मागेच, कारण तेव्हा तो आधी पुढचे गुडघे टेकतो.

संध्याकाळी गर्दी फार होती. आमच्यासाठी खरं वाळवंट दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. सहा वाजता मी आणि सासूबाई दोघीच चालत निघालो. वाळूवर रात्रभर फिरलेल्या किड्यांच्या पावलांच्या रांगा होत्या, ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या. वाळू गारठलेली. सासूबाईंनी चपला काढून हातात घेतल्या, त्या तंबूपर्यंत घातल्याच नाहीत.

मांजलपूर

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे उंटावर बसायचा प्रश्नच नव्हता. ते म्हणाले, तुम्ही जा, मी चहा पितो. मला ते फार लागलं. मग कळलं की उंटगाडी मिळते. गादी टाकलेली, दोन चाकांची, रबरी टायरांची, त्यामुळे वाळूत रुतत नाही. चढायला स्टूल मागून घेतलं. गाडीवाल्याशी बाबांनी गुजराती-हिंदीत जी गप्पांची बैठक जमवली ती टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालली. सूर्य बुडाला तेव्हा आम्ही सगळे एकाच जागी होतो. ज्यांच्या घरी गुडघेदुखी आहे त्यांनी हे आधीच ठरवून जा.

कारेलीबाग

जीपबद्दल सावध करते. आम्ही पाच जण मागच्या उघड्या भागात दांडा धरून उभे. पहिल्या टेकडीला सगळे ओरडत होते, मजा आली. दुसरीच्या माथ्यावरून गाडी पलीकडे आदळली आणि ताई खाली बसली ती उठेना. मणक्याला मार, दीड महिना पट्टा. हळू चालवा असं चालकाला दोनदा सांगितलं होतं.

का झालं ते नंतर समजून घेतलं. वाळूची टेकडी दोन्हीकडून सारखी नसते. वारा येतो ती बाजू लांब, हलक्या उताराची आणि घट्ट. पलीकडची आडोशाची बाजू भुसभुशीत आणि तीस अंशांहून उभी. चढताना चालकाला माथ्यापलीकडचं दिसत नाही. म्हणून बसूनच जा, पट्टा असलेल्या सीटवर. टायरमधली हवा कमी केली का, ते विचारा. पाठीचं दुखणं असेल, दिवस गेलेले असतील किंवा मूल लहान असेल, तर जीप नकोच. पोरांना त्या मऊ बाजूवरून बसून घसरू द्या, आमची तासभर तेच करत होती.

वाडी

आमचं कच्छ. मुलगी सारखी विचारत होती, आई, वाळू कुठाय? चूक माझी, धोरडोला टेकड्या नाहीत हे तिला आधी सांगायला हवं होतं. पावसाळ्याचं पाणी आटतं आणि मागे मिठाचा थर राहतो, तेच पांढरं रण. पौर्णिमा गाठली होती, बॅटरी लावावी लागली नाही. ओळखपत्रं जवळ ठेवा, परवाना लागतो. आपल्या कमाटीबागेतल्या पोरांच्या आगगाडीपलीकडे कशावर न बसणारी ती, उंटगाडीत मात्र स्वतःहून चढली.

प्रतापनगर, कॉलेजात शिकते

मी जैसलमेरजवळच्याच खुरी गावाला गेले होते, समच्या मानाने शांत. आमचा उंटवाला उंटाला पळवायला तयार नव्हता. भावाने खूप आग्रह केला. तो म्हणाला, सकाळपासून चार फेऱ्या झाल्यात, आता हा चालेल, पळणार नाही. मग स्वतः उतरून दोरी धरून चालू लागला. मला तो माणूस फार आवडला.

वाटेत तो बोलत होता. पूर्वी घरी खूप उंट होते, आता दोन. शेतात ट्रॅक्टर आले, चरायची रानं कमी झाली. घरी येऊन आकडे पाहिले: 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 4 लाख उंट, 2019 मध्ये अडीच लाख. राजस्थानने 2014 मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं, तरी ही गत. तुम्ही जाल तेव्हा बसण्याआधी पलाणाखाली बघा, जखम असेल तर तो उंट नको म्हणा. दोन मोठी माणसं आणि मूल एकाच उंटावर लादू नका. आणि पैशांची घासाघीस करताना समोरच्याला त्याच पैशात चाराही घालायचा असतो, हे लक्षात ठेवा.

रावपुरा

सगळं वाचलं. डिसेंबरअखेर निघतोय, सासरे 80 वर्षांचे आहेत. सम की खुरी? रात्री तंबूत ठेवू का?

दांडिया बाजार

सासऱ्यांसाठी खुरी बघा, पण उंटगाडी मिळेल का, हे बुकिंगआधी फोनवर विचारा. तंबूत राहायचं तर संडास आत असलेला घ्या, रात्री वाळूतून चालणं त्यांना जमणार नाही. दुपारी स्वेटर मूर्खपणा वाटतो, पण सूर्य गेला की तासाभरात दात वाजतात. कानटोपी, पायमोजे, घरची एक गोधडी. आणि मेतकूट न्या, आमच्या सासूबाईंना त्या रात्री गरम भातावर तेच हवं होतं.