रेडिएशननंतर अडीच महिन्यांनी आईचा खोकला : एचआरसीटीतली छटा क्षयाची की किरणांची?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार. माझ्या आईला (वय 58) डाव्या स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनचे 15 शेक दिले गेले, त्यात मान आणि खांदा यांमधला भागही होता. शेवटचा शेक एप्रिलअखेर झाला. आता जुलैत तिला दोन आठवड्यांपासून कोरडा खोकला आहे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या घरी येताना ती जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभी राहते, जे पूर्वी कधीच होत नसे. ताप नाही. एक्स-रे स्वच्छ आला, अँटिबायोटिक घेऊन फरक पडला नाही, म्हणून एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) केला. त्यात डाव्या फुफ्फुसाच्या टोकाशी धूसर छटा असून क्षयाची शक्यता लिहिली आहे. क्षयाची औषधे लगेच सुरू करावीत का?

उत्तर 1 (क्ष-किरणतज्ज्ञ, धंतोली)

ताई, एचआरसीटीसाठी दिलेल्या फॉर्मवर रेडिएशनचा उल्लेख होता का, हे आधी पाहावे. आपल्याकडे फुफ्फुसाच्या टोकाशी छटा दिसली की क्षयाचा विचार प्रथम येतो आणि तो चुकीचा नाही. परंतु मान व खांद्यामधल्या भागाला शेक दिला असेल तर किरण नेमके त्याच टोकातून जातात. किरणांमुळे होणारा फुफ्फुसदाह बहुधा उपचार संपल्यावर एक ते सहा महिन्यांत दिसतो, म्हणजे आपल्या आईंचा काळही जुळतो. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ असू शकतो, कारण धुरकट काचेसारखी ती विरळ छटा त्यावर उमटतच नाही. एचआरसीटीत मात्र ती दिसते.

ओळखीची मुख्य खूण म्हणजे छटेची कड. जंतुसंसर्ग साधारणपणे फुफ्फुसाच्या नैसर्गिक भागांप्रमाणे किंवा श्वासनलिकांच्या फांद्यांप्रमाणे पसरतो, तर किरणांची इजा पट्टीने आखल्यासारख्या कडेवर थांबते आणि दोन भागांमधली फट ओलांडून जाते. क्षयात पोकळी किंवा अंकुर फुटलेल्या फांदीसारखे बारीक ठिपके आढळतात. सुरुवातीच्या आठवड्यांत ही कड अस्पष्टही असते, आणि स्तनाच्या शेकानंतर क्वचित दाह शेकाच्या क्षेत्राबाहेरही जातो, म्हणून केवळ चित्रावर निर्णय घेऊ नये. थुंकीची सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी करून घ्यावी. किरणदाहावर स्टेरॉइड द्यावे लागते आणि क्षय लपलेला असल्यास तेच घातक ठरते, म्हणून ही पायरी गाळू नये.

उत्तर 2 (वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ)

ज्या विभागात शेक झाले तेथून उपचाराचा आराखडा मागून घ्या. त्यासाठी काढलेल्या सीटीवर कोणत्या भागाला किती ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा मिळाली, हे रेषांनी दाखवलेले असते. नवा एचआरसीटी त्यावर जुळवला की छटा अधिक मात्रेच्या रेषेत बसते की बाहेर जाते, ते दिसते. माझ्या मते शेक घेतलेल्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये हा आराखडा असायलाच हवा. तो नसल्यामुळे रिपोर्ट लिहिणाऱ्याला अर्धीच गोष्ट माहीत असते.

उत्तर 3 (रुग्णाचा मुलगा, मानेवाडा)

माझ्या वडिलांच्या फुफ्फुसाच्या शेकानंतर दोन महिन्यांनी पेट-सीटी (जास्त साखर वापरणाऱ्या पेशी चमकवून दाखवणारा स्कॅन) केला होता. तो भाग चमकला आणि आजार परतला असे समजून आम्ही आठ दिवस झोपलो नाही. दाहसुद्धा तसाच चमकतो, म्हणून साधारण तीन महिने तरी थांबायला हवे होते, हे आम्हाला नंतर कळले. स्टेरॉइड मिळाल्यास खोकला थांबला म्हणून स्वतःहून बंद करू नका. मात्रा आठवड्या-आठवड्यांनी उतरवावी लागते, नाहीतर दाह उलटतो.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. फॉर्मवर फक्त ‘खोकला’ एवढेच लिहिले होते. आराखड्यासाठी आज अर्ज दिला आहे आणि थुंकीचा नमुना उद्या सकाळी देणार आहोत. दोन्ही हाती येईपर्यंत क्षयाची औषधे थांबवण्यास डॉक्टरांनीही संमती दिली. मात्र दम वाढला तर वाट न पाहता दाखल करावे, असे त्यांनी सांगितले आहे.