दमल्यावर भेटलेली कविता : तुमचे अनुभव लिहा

काल रात्री साडेदहाच्या लोकलमध्ये दाराशी उभी होते आणि अचानक नारायण सुर्व्यांची 'दोन दिवस' आठवली. शाळेत मार्कांसाठी पाठ केलेली. पण डोईवर अजून किती उन्हाळे उरलेत त्याचा हिशोब तो माणूस का करतोय ते काल कळलं, चाळिशीत. तुम्हाला कामाने थकल्यावर किंवा पुढे काय करायचं तेच सुचत नसताना अशी कविता भेटली असेल तर लिहा ना. नुसतं कवितेचं नाव नको, कुठे कशी भेटली तेही सांगा.

*

सुर्वे म्हटलं की माझे बाबाच येतात डोळ्यासमोर. लालबागला राहायचो, बाबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बाबा परत कधीच आत गेले नाहीत, पुढे वॉचमनची नोकरी केली. वाचनाची आवड अशी नव्हती पण 'माझे विद्यापीठ' घरात होतं, पुठ्ठा निघालेलं, आत खुणेला रेशनची पावती. सुर्वे म्हणजे रस्त्यावर सोडून दिलेलं पोर, एका गिरणी कामगाराने वाढवलेलं, स्वतः गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई होऊन मग शिक्षक झालेला माणूस, याचं बाबांना फार अप्रूप होतं. साच्यांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून मी कविता मोठ्याने वाचायचे, एवढ्या मोठ्याने की गॅलरीत शेजारचे काका तंबाखू मळता मळता थांबायचे. बाबा पूर्ण ऐकून एवढंच म्हणायचे, "आपलं कुणीतरी लिहून ठेवलंय, बरं झालं." मला वाटतं कामावरून काढलेल्या माणसाला त्या दिवसांत दुसरं काहीच मिळालं नसेल एवढं त्यातून मिळालं.

*

मी एमपीएससी करतोय, पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, तिसरा अटेम्प्ट. 'कणा' मधलं "लढ म्हणा" आमच्या रूमवर प्रत्येकाच्या स्टेटसला असतं. पण माझ्यासाठी ती कविता त्याच्या आधी आहे, सरांचा हात खिशाकडे जातो आणि तो मुलगा हसत उठतो, पैसे नकोत म्हणतो, जरा एकटेपणा वाटला म्हणतो, तिथे. प्रिलिम गेली त्या रात्री आत्याला फोन केला तर ती पहिलं काय म्हणाली, "किती पाठवू रे?" मी म्हटलं आत्या पैसे नकोत, थोडं बोल फक्त. मग ती अर्धा तास गोठ्यातल्या वासराबद्दल बोलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अभ्यासिकेत होतो.

*

जळगावकडची आहे मी, आमच्याकडे बहिणाबाई पुस्तकातून येत नाही, चुलीपाशी येते. अक्षरओळख नसलेली बाई, गाणी मुलाने आणि घरच्यांनी उतरवून घेतली, पुस्तक निघालं 1952 मध्ये, ती गेल्यावर. आई भाकरी थापताना चटका बसला की "आधी हाताला चटके" एवढंच म्हणायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची. आता डबे करून देते मी, रोज चाळीस भाकऱ्या, माझ्याही तोंडून तेच निघतं.

*

कविता म्हणजे छापलेलीच का? माझी मावशी मावळातली, पहाटे जात्यावर दळायची. गाय पॉइतवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्यात, पण मावशीच्या कोणी नाही घेतल्या. ती म्हणायची ओवी नसेल तर जातं जड लागतं, आणि खरंच दोघी समोरासमोर बसल्या की एकीची ओळ संपताना दुसरी खुंटा धरायची, हात तिथेच बदलायचा. सासरचं जे कोणाला सांगता येत नव्हतं ते सगळं त्या दगडाला सांगून झालेलं. शेवटची मूठ घातली की मी विचारायचे, मावशे सरलं का गं दळण? ती तोंडावर बोट ठेवायची. सरलं म्हणायचं नाही, म्हणायची, सासरच्या माहेरच्या राशी भरलेल्याच राहू देत म्हणायचं. आणि पीठ भरायला सूप पुढे ओढायची.