मदत हवी आहे: शेरा लिहिणाऱ्यालाच चूक कोण सांगणार?

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. दोन सोशल वर्कर आणि एक नर्स यांच्या कामावर देखरेख माझ्याकडे. तिघंही कंत्राटी, आणि पुनर्नियुक्तीचा शेरा मीच लिहिते. खरी गोची तिथंच आहे.

गेल्या महिन्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका रुग्णाची ठरलेली गृहभेट राहून गेली. मला ते तीन आठवड्यांनी रजिस्टर चाळताना कळलं. रुग्ण सुखरूप आहे. पण सांगितलं का नाही, विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, शेरा तुम्हीच लिहिता ना."

चुका मोकळेपणाने बोलता याव्यात म्हणून मासिक बैठकीत केस चर्चा ठेवून पाहिली. ओपीडीचे आकडे आणि अहवालातच वेळ जातो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर केस टाकणं मीच बंद केलं, कारण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. मानसोपचारतज्ज्ञांना केस चर्चा घ्याल का विचारलं, पण एकट्याने सगळे तालुके फिरणाऱ्या माणसाकडे वेळ कुठला? स्वतंत्र निधी नाही, शेरा दुसऱ्याकडे देणं माझ्या हातात नाही. शुक्रवारी दुपारी तासभर मात्र नक्की काढता येतो.

टेली-मानस १४४१६ सुचवू नका, तो मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि रुग्णांना आम्ही देतोच.

शेजारच्या जिल्ह्यातल्या सहकाऱ्याशी अदलाबदल करून एकमेकांच्या टीमची केस चर्चा कुणी घेतली आहे का? घेतली असेल तर टिपणं कुणाकडे ठेवली, आणि रुग्णाच्या जिवाला धोका दिसला तर मूळ अधिकाऱ्याला कळवायचं, हे टीमला आधी कसं सांगितलं?