मदत हवी आहे: आयव्हीआयजीनंतर हिपॅटायटिस बीची अँटीबॉडी पॉझिटिव्ह

आम्ही फोंड्याचे. आईला सीआयडीपी (नसांवरचं आवरण खराब होऊन हातपाय अशक्त होण्याचा आजार) आहे, म्हणून पाच दिवस आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटीबॉडींचं औषध) दिलं. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकलं, की खिडकीचा पडदासुद्धा सरकवू देईना; ड्रिपचा वेग कमी केल्यावर जरा उतार पडला. दहा दिवसांनी रक्त तपासलं तर हिपॅटायटिस बीची कोअर अँटीबॉडी (विषाणूशी कधीतरी संपर्क आल्याची खूण) पॉझिटिव्ह, एचबीएसएजी (सध्या संसर्ग असल्याची खूण) मात्र निगेटिव्ह! हे औषध हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं, मग अँटीबॉडी त्यांचीच उसनी असेल का? आधी तपासणी केलीच नव्हती. आता डीएनए पीसीआर (रक्तात विषाणूच आहे का ते पाहणारी तपासणी) लगेच करावी, की काही महिने थांबून अँटीबॉडी पुन्हा तपासावी? शेजारच्या मावशी आईचा पेला वेगळा ठेवा म्हणतात (पेल्याने हा आजार पसरत नाही, पण त्यांना कोण सांगणार). पुढचा डोस चवथीआधी आहे. कुणाला असा अनुभव आलाय?