माणसं सोडून जातात, त्याचा जाब बोर्डाला का विचारायचा नाही?

जुना बँकवाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, "कर्मचारी नाराज असतील तर ते एचआरने बघावं, कंपनीच्या बोर्डाचं, म्हणजे संचालक मंडळाचं, ते काम नव्हे." रात्रभर डोक्यातून जाईना. कंपनी कायदा २०१३, कलम १६६(२) वाचा. संचालकाने भागधारकांसोबत कर्मचाऱ्यांचंही हित बघायचंय. थकबाकीचा तक्ता बोर्ड दर तिमाहीला मागतं, मग माणसांचा का नाही?

सीएस (कंपनी सेक्रेटरी), ठाणे: ते मीच लिहिलं. कलम पाठ आहे मला. वर्षातून चार-सहा वेळा भेटणाऱ्या स्वतंत्र, म्हणजे बाहेरून नेमलेल्या संचालकाला शाखेतल्या कारकुनाची घुसमट कशी कळावी? आणि पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३पासून शेअर बाजाराची नियामक सेबी मागते त्या बीआरएसआर या जबाबदारी-अहवालात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण द्यावंच लागतं.

शॉपफ्लोअर, चाकण: फक्त कायम लोकांचं! आमच्या लाइनवर निम्मी पोरं कंत्राटी, ती त्यात धरतच नाहीत. कर्मचारी समाधानी आहेत का, त्या सर्व्हेचा फॉर्म सुपरवायझर शेजारी उभा राहून भरून घेतो. सगळ्यांचे पाचपैकी पाच.

जुना बँकवाला: म्हणूनच आपला माणूस आत हवा. राष्ट्रीयीकृत बँकांच्या बोर्डावर १९७०च्या कायद्याने कामगार संचालक आणि अधिकारी संचालक असायचे. आमच्याकडे रात्री नऊपर्यंत थांबवून घ्यायचे, तो विषय त्यांच्यामुळेच बोर्डात निघाला. पुढे त्या खुर्च्या वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या!

बँकवाल्याची मुलगी: काका, त्या कामगार संचालकाचं नाव जायचं बहुमतातल्या युनियनकडून. माझे बाबा दुसऱ्या युनियनचे. आजी अंथरुणाला खिळलेली असताना त्यांची बदली झाली, तुमच्या त्या संचालकाने फोनसुद्धा घेतला नाही. कोणाचा माणूस होता तो?

जुना बँकवाला: वाईट झालं, मान्य. पण एका बदलीवरून हक्कच मोडीत काढायचा? जर्मनीत दोन हजारांहून जास्त कामगार असले की व्यवस्थापनावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षी मंडळाच्या निम्म्या जागा त्यांच्या, १९७६चा कायदा. त्याच वर्षी आपण घटनेत कलम ४३अ घातलं, कामगारांच्या सहभागासाठी. आपलं कागदावरच राहिलं.

बँकवाल्याची मुलगी: "एका बदलीवरून" म्हणू नका. आजी गेली तेव्हा बाबा चारशे किलोमीटर लांब होते.

सीएस, ठाणे: जर्मनी राहू द्या, तिथेही मतं समसमान झाली की अध्यक्षाचं जादा मत असतं. पण एक कबूल करतो. बैठकीचं इतिवृत्त मीच लिहितो. बीआरएसआर मंजूर होताना नोकरी सोडणाऱ्यांच्या पानावर आजवर कुणी थांबलेलं नाही.

शॉपफ्लोअर, चाकण: मग पुढच्या अजेंड्यावर घ्या. कंत्राटी पोरांसकट.

सीएस, ठाणे: अजेंडा अध्यक्षांना विचारून ठरतो. विचारतो.