घरातल्या बायकांची लुगडी: तुमच्या आठवणी लिहा

माजघर
भाचीच्या लग्नाची खरेदी चालली आहे. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "पेशवाई शिवायची, राजलक्ष्मी की मस्तानी?" शिवलेली नऊवारी, चेन ओढली की नेसून तयार. भाची खूश, मीही खूश, हौसेनं नेसतायत मुली हे चांगलंच आहे. पण घरी येईपर्यंत डोक्यात आजीच होती. आंघोळ करून माजघरात यायची आणि दाराआड उभ्या उभ्या लुगडं नेसायची. आधी कमरेला गाठ. ती एकदा बसली की रात्रीपर्यंत सुटायची नाही. मग निऱ्या, मग काठ मागे नेऊन कासोटा, उरलेलं पुढे गोळा करून ओचा. पिन नाही, परकर नाही. त्याच लुगड्यात विहिरीचं पाणी शेंदायची, जात्यावर बसायची, गड चढायची. ओच्यात भाजी खुडून आणायची आणि कनवटीला पैसे. दोन्ही हात मोकळे!

तुमच्याकडे कोण काय नेसायचं? कसं? त्याला घरात काय म्हणायचे? नुसती साड्यांची नावं नकोत, नेसणारी बाईसुद्धा येऊ द्या.

रानजाई
इरकल. आमच्याकडं दुसरं काय असणार! कोल्हापूरकडच्या गावातली आज्जी माझी. गर्द हिरवं नाहीतर जांभळं अंग, लाल टोपपदर, त्यावर पांढरी दातेरी नक्षी. डोईवरचा पदर कधी ढळला नाही, बांधावर भांडताना पण नाही 😄 चोळी खणाची, पुढं गाठीची. हुकाचा ब्लाऊज शेवटपर्यंत घातला नाही, म्हणायची "हूक तुटला तर बाजारात जायाचं का मी? गाठ माझ्या हातातली हाय."

सुगरण_नाशिक
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. दांड आठवतो का कुणाला?

अबोली
@सुगरण, आठवतो तर! आमच्या आईनं घातलेत दांड. लुगडं विरतं ते बसायच्या जागी, म्हणजे मधेच. दोन्ही टोकं चांगली असतात. तो विरलेला भाग कापून काढायचा आणि चांगले दोन तुकडे हातशिलाईनं जोडायचे, की लुगडं आणखी चालतं. कधी दोन जुन्या लुगड्यांची अर्धी अर्धी जोडायची, मग खालचा भाग एका रंगाचा आणि पदर दुसऱ्याच. आई सांगायची, महायुद्धात कापडावर कंट्रोल आलं (१९४३ पासून) तेव्हा बऱ्या घरातल्या बायकासुद्धा दांडाची लुगडी नेसायच्या आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. शिवण इतकी बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळायची नाही. दांडाचंही फाटलं की बाळाची दुपटी, त्यानंतर गोधडी, अगदी शेवटी चुलीजवळचं फडकं.

माजघर
अबोली, किती छान लिहिलंत. दांड हा शब्द कितीतरी वर्षांनी कानावर आला.

चिमणचारा
आमच्याकडे वाकळ म्हणतात गोधडीला. आजीच्या लुगड्याची वाकळ मी हॉस्टेलला नेली होती. रूममेट पंजाबी, तीच पांघरून झोपायची, परत देईना. अजून फोनवर विचारते "वो दादीवाली रजाई है क्या".

धारवाडची_सून
रानजाई, इरकल म्हणजे मूळचं इळकल, बागलकोट जिल्ह्यातलं गाव. माझं सासर त्याच भागातलं. तिथे माग पाहिलाय म्हणून सांगते. अंगाचा ताणा (मागावरचे उभे धागे) सुती आणि पदराचा ताणा रेशमी, असे दोन वेगळे ताणे असतात. त्यांचे धागे एकमेकांत फासे घालून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. त्यामुळे एका ताण्यावर एकच साडी निघते, पुढच्या साडीला परत सगळी मांडामांड. हे काम बऱ्याच घरांत बायकाच करतात. त्या बसल्या होत्या आणि बोटं अशी चालली होती की मला धागा दिसतच नव्हता. काठांचीही नावं आहेत, गोमी, चिक्की परास. २००७ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाजारात यंत्रमागावरची "इरकल" ढिगानं आहे. पदर उलटा करून जोड बघा, कोंडीची बारीक रेघ दिसते का ते.

रानजाई
ताई, आत्ता ट्रंक उघडून बघितलं. आहे!! आज्जीच्या पदराला रेघ आहे!!

पाणवठा
मी पुरुष आहे, लिहिलं तर चालेल ना? आमची आई, तळकोकण. लावणीच्या दिवसांत (भाताची लावणी, नाचाची नव्हे) लुगडं गुडघ्याच्या वर खोचून चिखलात उभी. डोक्यावर इरलं. दिवसभर वाकून आवा (भाताची रोपं) लावायची आणि घरी आल्यावर खोचलेलं सोडलं की काठाला वाळलेला चिखल कडक झालेला असायचा. तो आधी हातानं चोळून झाडायचा, मगच पाण्यात घालायचं, नाहीतर डाग बसतो. हे काम माझं होतं. मी नोकरीला लागल्यावर तिला पाचवारी आणली, तिनं एकदा नेसून बघितली आणि म्हणाली, "यात पाय टाकायचा तरी कसा?" परत लुगडंच.

अबोली
चालेल काय, लिहाच दादा. काठ झाडायचं वाचून डोळे भरले.

वसईकर_मावशी
आमच्या कुपारी समाजातल्या म्हाताऱ्या अजून लाल चौकड्यांचं लुगडं नेसतात, रविवारी चर्चला आलात तर दिसतील. माझी आई नेसायची. कोळणींचं वेगळं, घट्ट आणि आखूड, होडीतून उतरताना पाण्यात पाय पडतो म्हणून. एकाच वसईत चालत जाल तेवढ्या अंतरात नेसण बदलते, आणि नेसणीवरून बाई कुठल्या आळीतली हे ओळखायचो आम्ही. माझ्या सुना जीन्स घालतात, मला काही अडचण नाही, पण नातीला चौकडीचं लुगडं नेसवून फोटो काढून ठेवलाय. आता फोन चार्जिंगला लावते, ४% राहिलंय.

फणसगरा
गोव्यातल्या कुणबी बायकांचंही लाल चौकडीचंच ना? खांद्यावर गाठ मारतात ते. चोळी नसायची पूर्वी.

वसईकर_मावशी
हो, पण नेसण वेगळी. आमच्यात खांद्यावर गाठ नाही.

जुनी_पेटी
लिहू की नको असं झालं होतं. माझ्या पणजीचा एकच फोटो आहे, आलवणातला. लाल रंगाचं, काठ नाही, चोळी नाही, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, कारण केस ठेवलेले नव्हते. ऐन विशीत नवरा गेला तिचा. आजी सांगायची, तिच्या माहेरून आलेली हिरवी जरीकाठी लुगडी दुसऱ्याच दिवशी जावांमध्ये वाटली गेली, आणि सणाला ती लुगडी नेसून जावा समोर वावरायच्या. ती त्यांना वाढायची. आपण सगळ्या काठांचं, रंगांचं किती प्रेमानं लिहितोय, लिहायलाच हवं. पण रंग कुणी नेसायचा हे घर ठरवायचं, तेही इथे नोंदवलं जावं असं वाटलं. आलवण हा शब्द माझ्या मुलींना माहीत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

माजघर
लिहिलंत ते बरं केलंत. धागा काढताना हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

चिमणचारा
❤️ पणजींना नमस्कार.

रानजाई
काय बोलावं कळंना. जावांनी नेसली कशी ती?

जुनी_पेटी
रानजाई, त्यांनाही कुणी विचारलं नसणार गं.

कावेरीकाठ
चेन्नईहून. आमचं घर तंजावरी मराठी, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी यांच्या काळात, १६७६ च्या सुमारास, मराठे इथे आले, पुढे आमचे पूर्वज. घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळ. आजी नऊवारी नेसायची आणि शेजारच्या अय्यर मामी मडिसार. तेही नऊ वारच, कासोटाही आहे. अय्यरांचा पदर उजव्या खांद्यावर, अय्यंगारांचा डाव्या. आमच्या आजीचा डाव्या. लग्नात सगळ्या एका रांगेत बसल्या की लहानपणी मी पदर बघून घर सांगायचे, मोठी माणसं कौतुक करायची. आजीचं सोवळ्याचं लुगडं उंच काठीवर वाळत असायचं, आम्हा पोरांचा हात पोचू नये म्हणून. हात लागला की रसम रद्द!

सुगरण_नाशिक
आले परत. कुकरच्या चार शिट्ट्यांत एवढं सगळं लिहिलंत! माझं माहेर येवल्याजवळ. सगळ्यांना वाटतं आम्ही रोज पैठणीच नेसतो. पैठणी कपाटात एक, आईच्या लग्नातली, आणि ती पाचजणींच्या लग्नात फिरलेली. रोजचं म्हणजे सुती लुगडं, मालेगावचं. बाकी पैठणीची एक खूण सांगते, पदराची मागची बाजू बघायची. हातमागाची असेल तर मोर मागूनही तितकाच सुबक दिसतो, लोंबते धागे नाहीत. दुकानदार उलटून दाखवायला कां कूं करायला लागला की उठायचं.

फणसगरा
घडी मोडणे हा प्रकार अजून आहे का तुमच्याकडे? नवी साडी आधी दुसरीला नेसायला द्यायची. माझी मोठी जाऊ प्रत्येक साडीची घडी माझ्याकडून मोडून घ्यायची. "तुझा हात चांगला आहे, साडी टिकते." तिच्या शेवटच्या आजारपणात तिनं घेतलेली एक नारायणपेठ राहिली आहे, अजून घडीतच.

अबोली
मोडा घडी. त्यांनी तुमच्यासाठीच ठेवली असेल.

फणसगरा
दिवाळीत नेसेन. हो. नेसतेच.

मिठाचा_खडा
विषय थोडा वेगळा, पण विचारते. मुलीला परकर-पोलकं शिवायचं आहे. खण मीटरवर मिळतो का की ते त्रिकोणी घडीचेच?

धारवाडची_सून
मिळतो. गुळेदगुड्डला आता ताग्यांतही विणतात. त्रिकोणी घडी चोळीपुरती, लहान मुलीच्या पोलक्याला होईल, परकराला पुरणार नाही. काठ बाहीच्या टोकाला येईल असाच बेत, शिंप्याला आधी सांग, नाहीतर काठ कापून टाकतात. आणि आधी एकदा पाण्यातून काढ, आटतो.

मिठाचा_खडा
थँक्यू ताई. किती कापड घेऊ? मुलगी ६ वर्षांची आहे, उंच आहे.

धारवाडची_सून
परकराची उंची मोजून कळव, घेराचा हिशोब करून देते. नेफ्याला आणि खाली दुमडीला धरून ठेव, पुढच्या वर्षी सोडता येते.

रानजाई
ट्रंकेतल्या इरकलीला वास येतोय, काय करू? ऊन दाखवू का?

सुगरण_नाशिक
सावलीत वाऱ्यावर टाक, थेट उन्हात नको. डांबराची गोळी ठेवू नकोस. जुन्या मलमलीत गुंडाळ आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलत जा, नाहीतर घडीवरच चिरते.