स्टारड्यू व्हॅली: कपडे रंगवायला सहा रंगांच्या वस्तू कुठून आणता?

पोपटी_पाखरू
नमस्कार मंडळी, स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये पहिल्या वर्षाचा समर चालू आहे माझा. लोकरीचं पहिलं कापड निघालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली एमिली दारात, म्हणे माझं शिलाई मशीन वापर. गेले तिच्या घरी तर तिथे रंगाची सहा भांडी पण आहेत, लाल, नारिंगी, पिवळं, हिरवं, निळं, जांभळं. मला शर्ट मोरपंखी करायचाय आणि पँट आमसुली, अगदी डोक्यात बसलेत ते दोन रंग. पण सहाही भांड्यांत एकेक वस्तू टाकल्याशिवाय काहीच होत नाही असं दिसतंय. माझ्याकडे रंगीत म्हणावं असं फक्त खाणीतले खडे आहेत, रूबी, टोपाझ, अ‍ॅमेथिस्ट वगैरे. तेच टाकू का? की शेतातलं, रानातलं काही चालतं?

कणीस_कोपरा
खडे अजिबात टाकू नका!! रूबी, टोपाझ, एमराल्ड, जेड, अ‍ॅक्वामरीन, अ‍ॅमेथिस्ट हे सगळे एमिलीला गिफ्ट म्हणून प्रचंड आवडतात, तिच्याच घरात जाऊन तिच्याच भांड्यात ते विरघळवण्यापेक्षा तिच्या हातात द्या, मैत्री तरी वाढेल.

भांड्याला वस्तू महाग की स्वस्त याच्याशी काही घेणंदेणं नाही, ती कुठल्या रंगात मोडते एवढंच बघितलं जातं. समरमध्ये माझा ठरलेला सेट सांगतो. लालला टोमॅटो, पिवळ्याला मका, हिरव्याला गळ टाकल्यावर नको असताना येतं ते शेवाळ, निळ्याला ब्लूबेरी, जांभळ्याला रानात पडलेली द्राक्षं. नारिंगीलाच लोक अडतात कारण भोपळा फॉलमध्ये येतो. पण तिथे तांबं चालतं, कॉपर बार टाका, पाच कॉपर ओर (कच्चं तांबं) आणि एक कोळसा भट्टीत घातला की काम झालं. त्याच हिशोबाने गोल्ड बार पिवळ्यात जातो आणि इरिडियम जांभळ्यात, पण इरिडियम कोण वाया घालवेल. भांडं उघडलं की बॅगेतल्या न चालणाऱ्या वस्तू फिक्या होतात, त्यामुळे पाठ करायची गरज नाही.

सहाही भरली की शर्ट-पँटसाठी पट्ट्या येतात, त्या सरकवून मोरपंखी, आमसुली काय हवं ते काढा. भांडी एका वेळेपुरतीच भरतात, पुढच्या वेळी परत सहा वस्तू, म्हणून दोन्ही कपडे अंगावर घालूनच जा आणि एका फेरीत उरका. आणि सगळेच कपडे रंग घेत नाहीत हे आधी बघून घ्या, बरेच शर्ट मूळ रंगाचेच राहतात. घर सकाळी ९ ते रात्री ८ उघडं असतं.

बांधावरची_बोर
वरच्या उत्तरात एक जोडते, फार महत्त्वाचं आहे. कम्युनिटी सेंटर, म्हणजे वस्तूंचे ठरलेले संच (बंडल) देऊन दुरुस्त करायची गावातली जुनी इमारत, करत असाल तर तिथे डाय बंडल नावाचंच एक बंडल आहे. लाल मशरूम, सी अर्चिन, सूर्यफूल, बदकाचं पीस, अ‍ॅक्वामरीन, रेड कॅबेज, सहाच्या सहा द्यावी लागतात. यातली रेड कॅबेज खरी डोकेदुखी, पियरेच्या दुकानात तिचं बी दुसऱ्या वर्षापासून मिळतं. फिरत्या गाडीवर नशिबाने लवकर मिळाली तर ती आधी बंडलला, रंगाला नाही. बदकाच्या पिसाचंही तेच.

बाकी एकच कपडा रंगवायचा असेल तर सहा भांड्यांची गरजच नाही. शिलाई मशीनमध्ये कापडाच्या जागी शर्ट ठेवायचा आणि रिळाच्या जागी रंगीत वस्तू. काही वस्तू एका झटक्यात पूर्ण रंग चढवतात, काही फक्त थोडी छटा देतात, मग तीच परत परत टाकत जायची. मला हीच पद्धत जास्त आवडते, कारण मधेच थांबलं की धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीसारखा फिकट रंग मिळतो, तो पट्टीवर जुळवायला गेलं की बराच वेळ जातो.

तुरटी_हिरडा
मी खरोखर नैसर्गिक रंगाचं काम करते म्हणून लिहितेय. टोमॅटोने कापड रंगत नाही, बीटाचाही रंग धुण्यात जातो. डाळिंबाची सालं, हळद, पळसाची फुलं पिवळा-केशरी देतात, पण हळद उन्हात उडते, आणि बाकीच्यांना टिकवायला तुरटी किंवा हिरडा लागतोच. निळीचं कापड तर पिंपातून हिरवट निघतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. गेममध्ये हे नाही याची रुखरुख वाटते, तरी रानात हिंडताना याचा रंग कुठला निघेल असा विचार करायला तो लावतो, आणि या कामाची सुरुवात तिथूनच होते, म्हणून मला तो भाग मनापासून आवडतो.

पोपटी_पाखरू
वा, खूप खूप आभार सगळ्यांचे! टोमॅटो आणि ब्लूबेरी आहेत, द्राक्षं उद्या शोधते, मका अजून तयार नाही. तोवर पिवळ्यासाठी काय? आणि प्रिझमॅटिक शार्ड, तो दुर्मिळ सप्तरंगी खडा, टाकला तर?

कणीस_कोपरा
स्प्रिंगचे डँडेलियन पेटीत उरले असतील तर बघा, पिवळ्यात चालतील. शार्ड मशीनमध्ये रिळाच्या जागी लावला की कपडा सतत रंग बदलत राहतो, दिसतो भारी. पण पहिला शार्ड वाळवंटातल्या तीन खांबांमध्ये न्या, गॅलेक्सी सोर्ड ही जबरदस्त तलवार मिळते. कपड्याला दुसरा.